एक सीट, लगीच सुटणार

रिकामी जागा नावाची वस्तू या पृथ्वीतलावर शिल्लक राहू नये, म्हणून परमेश्वराने एक माणूस मुद्दाम नेमून पाठवला होता, आणि आमचं भाग्य असं थोर की तो नेमका आमच्या आक्काचा नवरा निघाला. दाजी निपाणीचे. त्यांची जीप वडापची. वडाप म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. सरकारी बस जिथं येत नाही, किंवा येते येते म्हणून येत नाही, तिथं माणसं गोळा करून नेणारी खाजगी गाडी म्हणजे वडाप. तिला वेळापत्रक नसतं. ती भरली की सुटते. आता गाडी भरली की नाही हे कुणी ठरवायचं? आत बसलेल्यांच्या मते ती संकेश्वरच्या नाक्यावरच भरलेली असे, आणि दाजींच्या मते ती आजवर एकदाही पुरती भरली नव्हती. "एक सीट, एक सीट, लगीच सुटणार!" अशी त्यांची आरोळी चालू व्हायची, त्या आरोळीवर भुलून माणूस आत चढायचा, आणि मग घामाघूम होऊन बघायचा तर दाजी खाली उतरून पुन्हा तेच ओरडतायत.

जीप मिलिटरीच्या लिलावातली. बेळगावच्या क्यांपातून त्यांनी ती ओढून आणली होती. तिनं कुठल्यातरी लढाईत भाग घेतला होता असं ते सांगत. कुठल्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण तिच्याकडे बघून ती लढाई आपण हरलो असणार अशी शंका येई. दाजींनी सुताराकडून मागे आडव्या फळ्या ठोकून घेतल्या, बाहेरून एक पायरी लावली, आणि ड्रायव्हर सोडून दहा सीटा करून घेतल्या. पैकी नऊ नुसत्या लाकडाच्या. दहावी, म्हणजे ड्रायव्हरशेजारची पुढची सीट, तेवढी गादीची. तिथं बसणं हा मान होता. पुढच्या सीटवरून तवंदीचा घाट उतरलेला माणूस गावात चार दिवस त्याच थाटात फिरायचा. बाकीच्यांनी एकमेकांच्या मांडीवर, गुडघ्यावर, धान्याच्या पोत्यावर जमेल तसं टेकायचं. "बर्री, बर्री, जागा ऐती!" म्हणजे या, या, जागा आहे, असं कन्नडमध्ये आणि "सरकून घ्या जरा" असं मराठीत, एका दमात दोन्ही. सीमाप्रश्नावरून बाहेर बोर्डांना डांबर फासलं जात होतं त्या दिवसांतही दाजींच्या जीपमध्ये सीमाप्रश्न नव्हता. सीमा आखायला मधे जागाच नव्हती.

दाजींच्या लेखी जगात माणसं नव्हती, सीटा होत्या. लहान पोर म्हणजे अर्धी सीट, गाठोडं घेतलेली बाई म्हणजे दीड सीट. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा दाजी बरोबर होते. बाकीच्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, गोत्र विचारलं. दाजी आपले चहा पीत गप्प. बाहेर आल्यावर वडिलांनी त्यांचं मत विचारलं, तर म्हणाले, "एक सीट पुरी हाय. पसरून बसत न्हाय. करून टाका." लग्नानंतर कुणीतरी हे माझ्या बायकोच्या कानावर घातलं. तेव्हापासून दाजी घरी आले की ती मुद्दाम मांडी पसरून बसते. आमच्या थोरल्या काकांना दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हाची गोष्ट तर सांगायलाच हवी. दाजी भेटायला गेले, काकांची विचारपूस केली, खाटेकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "काका, जरा भिंतीकडनं घ्या." मग ते स्वतः बसले, शेजारच्या पेशंटच्या बायकोला बसवलं, आणि दारात ताटकळलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याला हाका मारून पायथ्याशी जागा करून दिली. काका लवकर बरे झाले. त्यांना घरी जायची घाई झाली होती.

बरं, यात लबाडी म्हणावी तर तीही नाही. दाजींना पैशाचा सोस नव्हता. निम्मे लोक पैसे "बाजारादिवशी" देतो म्हणायचे आणि दाजी व्हय म्हणायचे. त्यांना सोस होता तो गाडी भरण्याचा. रस्त्याच्या कडेला हात करून उभा असलेला माणूस मागे टाकून जाणं त्यांना जमतच नसे. "उभ्या माणसाला टाकून गेलं की त्याचा तळतळाट लागतोय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पंक्तीत दोन पाटांत वीतभर अंतर दिसलं की हे वाढप्याला थांबवून तिसरा पाट आणायला लावत. पाहुण्यांची अंथरुणं त्यांनी घातली तर एक डोकं, एक पाय, एक डोकं, एक पाय, अशी घालत, आणि रात्रभर आपल्या नाकासमोर कुणाचा अंगठा आहे याचा विचार करत पाहुणे जागत.

या सगळ्यात आमच्या आक्काचं काय होत असेल, याचा विचार करा. आक्का त्यांची बायको, म्हणजे घरचं माणूस, म्हणजे वडापच्या हिशेबात सीटच नव्हे. ती जीपमध्ये बसली की जागा पहिली तिची जायची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जोडपं बेळगावला आमच्याकडे येणार होतं. निपाणीहून निघताना आक्का नवं इरकली लुगडं नेसून पुढच्या गादीवर. तवंदीच्या घाटात एक पेन्शनर मास्तर भेटले; आक्का मधल्या फळीवर. संकेश्वरला बाळंतीण आणि तिची आई. आक्का मागच्या फळीवर. हत्तरगीला आक्का गुळाच्या ढेपांवर. आणि वंटमुरीच्या जवळपास एका आजारी माणसाला घेऊन चौघे उभे होते, तेव्हा दाजी म्हणाले, "उतर गं जरा, सीट आली." इकडे आमच्या दारात आईने ओवाळायला तबक तयार ठेवलेलं. जीप थांबली. आतून ओळीने माणसं उतरायला लागली. आई प्रत्येकाच्या मागे बघतेय, लेक काही दिसेना. सगळ्यात शेवटी दाजी उतरले.

"आक्का कुठं आहे?" आईने विचारलं.

"येतीया की मागनं यस्टीनं," दाजी म्हणाले, "सीट आलती."

तबकातलं निरांजन तसंच जळत होतं. वडील आत निघून गेले. जेवणं होईपर्यंत ते बाहेर आले नाहीत, आणि जेवणं उशिरा झाली, कारण यस्टी काकतीला बंद पडली होती. आक्का आली ती हसतच आली. तिला म्हणे यस्टीत खिडकी मिळाली होती. मी तेव्हा रागानं लालबुंद झालो होतो, मीच काय, घरातलं मांजरसुद्धा दाजींच्या जवळ फिरकलं नाही. पण आक्का म्हणाली, "अरं आप्पा, तो माणूस लई आजारी होता. मी काय, धडधाकट." आता बोला!

तरी पुढे एकदा, बऱ्याच वर्षांनी, आम्ही दोघं निपाणीच्या त्यांच्या कट्ट्यावर बसलो होतो. दाजी रस्त्यावर ओरडत होते, "संकेश्वर, संकेश्वर, एक सीट!" आक्का शेंगा सोलत होती. त्यांच्याकडे बघत ती सहज म्हणाली, "आप्पा, मला काय दागिना नको का लुगडं नको. एकदा कुठंतरी असं जाऊन यायचं हाय, की बसल्या जाग्यावरनं कुणी उठ म्हणणार न्हाय. निघाल्यापास्नं पोचूस्तवर. बास." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी दोन शेंगा तोंडात टाकल्या.

आणि मग बेळगावला हेलिकॉप्टर आलं. ते ऐंशीनंतरचे दिवस. मुंबईची कुठलीशी कंपनी होती. सांबऱ्याकडच्या एका मोकळ्या माळावर आठवडाभर मुक्काम, तिकीट काढा, वर बसा, किल्ला, क्यांप, राकसकोपचा तलाव आणि येळ्ळूरचा गड दाखवून परत खाली. बेळगाव वेडं झालं. ज्यांना तिकीट परवडत होतं ते वर जात, ज्यांना नव्हतं ते गच्चीवर उभे राहून वर जाणाऱ्यांची नावं ओळखत. पण माळ पडला गावाबाहेर, तिथं बस नाही. तेव्हा स्टँडपासून माळापर्यंत लोकांची नेआण करायला कंपनीला एक गाडी हवी होती. ही बातमी निपाणीला कशी पोचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे अनगोळातल्या आमच्या घरासमोर जीप उभी. दाजी आत आले, चूळ भरली आणि म्हणाले, "पावनं, आठवडाभर ऱ्हातो. इमानाचं कंत्राट घेतलंय."

कंत्राट असं, की रोजचं भाडं थोडं कमी द्या, पण शेवटच्या दिवशी शेवटच्या फेरीला दोन सीटा आमच्या. कंपनीचा मॅनेजर टाय लावणारा, इंग्रजीत शिंकणारा माणूस. त्याने हसून मान डोलावली. संध्याकाळी दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या आक्काला बोलवून घ्या शनिवारपत्तर. इमानात एकदा दार लागलं की मधी कुठं सीट चढत न्हाय. म्हंजे कुणी उठ म्हणायचं कारणच न्हाय." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. म्हणजे कट्ट्यावरचं ते बोलणं तिने त्यांच्याही कानावर घातलं होतं, का त्यांनी रस्त्यावर ओरडता ओरडता ऐकलं होतं? विचारायचं राहूनच गेलं.

आता मॅनेजरचा नियम होता की स्टँडवरून दर अर्ध्या तासाला गाडी सुटलीच पाहिजे, भरो न भरो. हे "भरो न भरो" दाजींना समजावून सांगता सांगता त्या बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. "साहेब, रिकामी गाडी घिऊन निघालं तर रस्त्यात लोकांच्या तोंडाकडं कसं बघायचं?" हा त्यांचा सवाल. पहिल्या दिवशी स्टँडवरून तिकीटवाले पाच निघाले. माळावर जीपमधून उतरले सोळा. त्यात सांबऱ्याच्या दोन भाजीवाल्या, दुधाच्या किटल्या, एक कोंबडा, आणि आपण कुठं आलो ते न कळलेला एक माणूस, ज्याला खरं तर बागेवाडीला जायचं होतं. शहरातले एक मोठे डॉक्टर सुटाबुटात विमानप्रवासाला निघाले होते. त्यांच्या मांडीवर अनोळखी बाईचं पोर आणि पायाशी वांग्यांची पाटी. पोराने वाटेत जे करायचं ते केलं. डॉक्टर तशाच पँटवर आकाशात गेले. मॅनेजर मराठीवर आला आणि दाजींना बरंच काही बोलला. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी परत जाताना कुठं उभं ऱ्हाताय? तुमास्नीबी घेतो."

तिसऱ्या दिवशी मात्र कहर झाला. हेलिकॉप्टरमध्ये पायलटखेरीज चार माणसं मावत. एका फेरीला तिघंच होती. पंखा फिरायला लागला, धुरळा उडाला, आणि काय बघतो तर दाजी दोन्ही हात वर करून हेलिकॉप्टरच्या पुढ्यात उभे! "थांबाऽऽ! एक सीट रिकामी हाय!" मॅनेजर धावला, शिपाई धावले. पायलट फौजेतून निवृत्त झालेला, भल्या मोठ्या मिशांचा गडी. त्याने काच सरकवून काय भानगड आहे ते विचारलं. दाजींनी हिंदीत सांगितलं, "साब, रिकामा जाता है, पाप लगता है." आणि तो काही बोलायच्या आत माळावर शेंगा विकणाऱ्या म्हातारीला दंडाला धरून आणलं, आत बसवलं, टोपली आपल्या हातात घेतली आणि बाकीच्यांना म्हणाले, "सरकून घ्या जरा." पायलट इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. म्हातारी किल्ला बघून आली. तिला कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, "वारं लई हुतं, शेंगा उडाल्या असत्या."

मॅनेजर दाजींना काढूनच टाकणार होता. पण त्या दिवशी दुपारपासून एक चमत्कार सुरू झाला. दाजी स्टँडवर उभे राहून हेलिकॉप्टरची वडाप करायला लागले. "चला किल्ला-क्यांप-राकसकोप, किल्ला-क्यांप-राकसकोप! एक सीट, एक सीट, लगीच सुटणार!" अहो, जी माणसं तीन दिवस विचार करून तिकीट काढायला धजत नव्हती, ती नुसत्या त्या आरोळीवर चढली. आमच्याकडची माणसं विमानाला भितील, कंपनीला भितील, टायवाल्याला तर नक्कीच भितील. पण वडापवाल्याने "एक सीट" म्हटलं की पाय आपोआप उचलतो. बाजाराला आलेले चिकोडीचे शेतकरी टोपी सावरत आकाशात जाऊन आले. मॅनेजरने ते बघितलं आणि पुन्हा काही बोलला नाही. जाताना तो दाजींना "दाजी" म्हणायला लागला होता.

शनिवारी आक्का निपाणीहून आली. तेच इरकली लुगडं, आता थोडं विटलेलं, पण घडी मोडलीच नसावी असं जपलेलं. माझ्या बायकोने तिच्या केसांत अबोलीचा गजरा माळला. आक्का दिवसभर काही जेवली नाही. वर गेल्यावर पोटात कालवलं तर, म्हणून. "दार लागतंय न्हवं आप्पा?" तिने मला दोनदा विचारलं. "घट्ट लागतंय," मी म्हणालो. तिला पडायची भीती आहे असं मला वाटलं. नंतर लक्षात आलं, तिला ती भीती नव्हतीच.

उन्हं कलताना शेवटची फेरी लागली. खानापूरचं एक नवं जोडपं आधीच आत बसलं होतं. दाजींनी डोक्यावरची टोपी झटकली, आक्काला हात देऊन वर चढवलं, काचेकडची जागा तिला दिली आणि आपण शेजारी बसले. मी आणि माझी बायको, माळावर बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभे. पायलटने मिशीवरून हात फिरवला. आणि तेवढ्यात माळाच्या त्या टोकाकडून एक म्हातारा, खांद्यावर घोंगडं, एका हातात वहाणा आणि दुसऱ्या हातात तिकीट, पळत येताना दिसला. जांबोटीचा होता. तिकीट सकाळच्या फेरीचं. नातवाने काढून दिलं होतं. गावात बस आलीच नव्हती, म्हणून खानापूरपर्यंत चालत आला होता आणि पुढे मिळेल त्या गाडीने. "आता उद्या या," असं सांगायची सोय नव्हती. उद्या हेलिकॉप्टर मुंबईला जाणार. मॅनेजर अवघडला. तिकीटवाला पहिला, हा कंपनीचा नियम. दोघं फुकटवाले होते, त्यातल्या एकाने उतरायला हवं होतं. ते तो तोंडाने बोलला नाही, पण सगळ्यांना कळलं.

मी आक्काकडे बघत होतो. खोटं सांगत नाही, कुणी काही म्हणायच्या आत तिने पदर सावरला होता आणि एक पाय खाली सोडला होता. तिचा चेहरा पडला नव्हता, हेच मला सोसेना. इतक्या वर्षांची सवय. सीट आली की उठायचं. आणि सवय काही एकट्या तिलाच नव्हती. दाजींच्या तोंडूनही निघालंच, "उतर गं ज—"

पुढचं अक्षर त्यांनी गिळलं. तिच्या त्या खाली सोडलेल्या पायाकडे ते बघत राहिले, आपण काय बघतोय ते त्यांना पहिल्यांदाच कळल्यासारखं. मग त्यांनी तिचा हात धरला आणि मागे ओढला.

"बस."

"अवं, म्हातारं चालत आलंय," आक्का म्हणाली.

"बस म्हणतोय न्हवं. तुझी सीट भरलीया."

आणि ते स्वतः उतरले. म्हाताऱ्याच्या वहाणा हातातून घेऊन आत ठेवल्या, त्याला वर चढवला, सवयीने "सरकून घ्या जरा" म्हणाले, दार लावलं, आणि जीपच्या पत्र्यावर मारतात तशा दोन थापा त्या दारावर मारून ओरडले, "सोडा!" पायलटने सोडलं. धुरळ्यात टोपी दोन्ही हातांनी धरून दाजी वर बघत उभे राहिले. मला त्यांचा इतका राग राग केल्याची लाज वाटली असं नाही, रागाची कारणं खरीच होती. पण त्या क्षणी तो माणूस मला फार आवडला. मी जवळ जाऊन म्हणालो, "दाजी, तुमचं राहिलं की." ते वर बघतच म्हणाले, "फुल्ल गेलं बगा पावनं."

हेलिकॉप्टर उतरलं, आक्का खाली आली. गजरा विस्कटलेला, डोळ्यांत पाणी; वाऱ्याने असेल. आम्ही विचारलं, काय काय दिसलं? तर किल्ल्याचं नाव नाही, तलावाचं नाही. म्हणाली, "कुणी उठ म्हणालं न्हाय." मग जरा वेळाने दाजींना म्हणाली, "वरनं तुमची जीप दिसली. रिकामी उभी हुती. काय बी शोभत न्हवती."

त्यानंतरची गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण तीत माझी फजिती आहे. पुढे दोनेक वर्षांनी, ऐन वैशाखात, भर दुपारी मी यमकनमर्डीच्या फाट्यावर उभा होतो. यस्टी बंद पडलेली, टाळू तापलेली, पाण्याचा टिपूस नाही. आणि समोरून दाजींची जीप! मागे माणसं द्राक्षाच्या घडासारखी लोंबकळतायत, टपावर दोघं, बाहेरच्या पायरीवर तिघं, आणि ड्रायव्हरशेजारची गादीची सीट चक्क रिकामी. मी सख्खा मेव्हणा. हसत हसत पुढच्या दाराला हात घातला.

"तिथं न्हाय," दाजी म्हणाले. "मागं लोंबकळा."

"अहो पण ही रिकामी आहे की!"

"भरलीया ती."

"आक्का कुठं आहे?"

"घरात. भाकरी करत असंल."

मागच्या माणसांनी मला सरावाने वर ओढून घेतलं. त्यातला एकजण म्हणाला, "त्या सीटचा नाद सोडा वो. मामलेदारालाबी दिली न्हाय." निपाणीपर्यंत मी एका पायावर आलो. घरी पोचल्यावर सगळा राग आक्कावर काढला. रिकामी सीट घेऊन हिंडणारा तुझा नवरा, आणि मी, सख्खा भाऊ, वानरासारखा लटकत आलो! आक्का चुलीपुढे होती. ती वळलीच नाही. "मला म्हाईत न्हवतं," म्हणाली. बऱ्याच वेळाने तिने चहा दिला. त्यात साखर दोनदा पडली होती. मी तो मुकाट्याने प्यालो.

पुढे रस्त्यावर नव्या, लांबलचक गाड्या आल्या, दाजींच्या गुडघ्यांनी संप केला आणि जीप विकायची ठरली. नंदगडचं एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी तिथंच होतो. त्याने टायर बघितले, इंजिन ऐकलं आणि विचारलं, "सीटा किती?"

"नऊ," दाजी म्हणाले.

त्याने बोट लावून मोजल्या. "दहा हाईत की ओ."

"नऊ."

गिऱ्हाईक चक्रावलं. विकणारा सीटा वाढवून सांगतो हे त्याने आयुष्यभर बघितलं होतं. कमी करून सांगणारा पहिलाच. त्याला वाटलं, यात काहीतरी खोट आहे. त्याने पुन्हा मोजल्या. दाजी पुन्हा नऊच म्हणाले, आणि जमिनीकडे बघत बसले. व्यवहार तिथंच मोडणार असं दिसायला लागलं. मी काही बोलायला जाणार, तेवढ्यात आक्का पदराला हात पुसत घरातून बाहेर आली. सगळं तिने ऐकलं असावं. ती कुणाशी काही न बोलता जीपपाशी गेली, पुढचं दार उघडून त्या गादीवर बसली. समोर काच, काचेपुढे आमच्या दाजींच्या घराची भिंत. तिच्याकडे बघत ती चांगली निवांत बसली. कुणी उठ म्हणालं नाही. मग आपली आपण उतरली, दार लावलं आणि दाजींना म्हणाली, "अवं, झाली बगा सीट रिकामी. दहा सांगा त्यांस्नी, आन् जाऊ द्या गाडी."

जीप गेली. नंदगडचा माणूस एकटाच तीत, मागे सगळ्या फळ्या मोकळ्या. कोपऱ्यावर वळेपर्यंत दाजी बघत होते. "रिकामीच गेली बगा पावनं," ते म्हणाले. मग ते कट्ट्यावर जाऊन बसले. आक्का दारातच उभी होती. दाजी तिच्याकडे न बघता थोडे बाजूला सरकले, आणि ती येऊन बसली.